बाकळीची ओळ

चंद्रभान उमाटेसाठी त्याच्या आईनं अकरा मुली पाहिल्या, आणि अकराही घरी चहा पिता पिता मुलीच्या बापानं एकच प्रश्न विचारला, की पोरगा नेमकं करतो काय. चंद्रभानला फुगवून सांगता येत नसे. केंद्रात एक मोठं मशीन आहे, ते सकाळी चालू करतो आणि वेळेवर बंद करतो, एवढंच तो सांगायचा. मुलीचा बाप मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, म्हणजे बटण दाबतो. बारावं घर गाठायच्या आत आई वच्छलाबाई गेल्या, आणि आंजीच्या दोन खोल्यांत चंद्रभान एकटा उरला. पुढे कोणी विषय काढला नाही, यानंही काढला नाही.

खरं सांगायचं तर चालू करायला अक्कल लागत नाही. बंद करायलाच लागते. एका दुपारी चंद्रभानची ती अक्कल चुकली, आणि ज्या माणसापुढे जाऊन चुकलो म्हणायचं होतं, त्याच्यापुढे जायला त्याला सहा वर्षं लागली.

केंद्र आंजी रस्त्यावर, वर्ध्यापासून थोडं आत. कापसाच्या वाणांवर तिथे काम चालायचं. चौऱ्याण्णव साली कुठल्याशा प्रकल्पातून एक युनिक्सचा सर्व्हर आणि पाच लहान मशीनं आली. मशीनांना नावं द्यावी लागतात. आलेल्या इंजिनिअरनं काहीतरी ग्रहतारे सुचवले होते, पण चंद्रभाननं सर्व्हरचं नाव ठेवलं वर्धा, आणि बाकीच्यांची धाम, बोर, वणा, यशोदा आणि बाकळी. सगळ्या नद्यांचं पाणी शेवटी वर्धेलाच जातं, असं त्याचं म्हणणं. केंद्राच्या साहेबांना हे इतकं आवडलं की दिल्लीच्या पाहुण्यांना त्यांनी ते स्वतःची कल्पना म्हणून सांगितलं.

नावं शोभली, कारण काम तसंच होतं. लहान मशीनांकडे स्वतःची मोठी डिस्क नव्हती. कोणी धामवर बसून फाइल उघडली की धाम केबलवरून वर्धेला हाक मारायची, बाई, अमुक पान काढून दे. वर्धा ते काढून द्यायची, आणि बसलेल्या माणसाला वाटायचं सगळं आपल्याच टेबलावर आहे. या हाकेला जाणकार आरपीसी म्हणायचे. चंद्रभान हाकच म्हणायचा. हाक मारणारं मशीन उत्तर येईपर्यंत थांबतं, आणि चंद्रभाननं सगळ्यांना असं बांधून ठेवलं होतं की उत्तर आलं नाही तरी सोडून द्यायचं नाही, हाका मारत राहायचं. त्यानं काम बुडत नाही. फक्त समोरचा माणूस अडकतो, आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ येते, की वर्धा उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे.

म्हणून बंद करायच्या आधी सगळ्यांना कळवायचं. कोणाकोणाचं मशीन जोडलेलं आहे, याची यादी वर्धेजवळ एका फाइलीत असे. ती यादी पाहून ती एकेकाला निरोप धाडायची. लोक काम आवरायचे, आपलं मशीन सोडवून घ्यायचे, की त्यांचं नाव यादीतून जायचं. यादी रिकामी झाली की बंद. आणि हे रोज करावं लागे, कारण भारनियमन रोज होतं. केंद्राची लाईट दुपारी साडेतीनला जायची, बॅटऱ्या वीस मिनिटं तग धरायच्या.

पाच मशीनांपैकी चार एकाच इमारतीत होती. तिथे चंद्रभान दारात डोकावून सांगू शकत होता. बाकळी मात्र शिवाराच्या टोकाला, चारशे मीटरवर, हवामानाच्या खोलीत. जाड पिवळी केबल बांधाबांधानं तिथवर नेली होती. तिथे नत्थूजी झाडे बसत. पाऊस किती पडला, वारा कुठला, हवा किती दमट, हे नळ्या-काट्यांवर वाचून मशीनमध्ये भरायचं, हे त्यांचं काम. वयानं चंद्रभानपेक्षा वीस वर्षांनी मोठे, बायको वारलेली, मुलगी कमला पुलगावला दिलेली. आणि ऐकायला ठार बंद. तरुणपणी विषमज्वरात कान गेले होते. बोलायचे स्वतः खणखणीत, पण त्यांच्याशी बोलायचं तर लिहून. फोनचा उपयोग नव्हता. त्यांच्यापर्यंत पोचायला एकच वाट होती, पडद्यावरचा निरोप.

पहिल्या दिवशी चंद्रभाननं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, बंद करून राह्यलो, पंधरा मिनिटं. दोनच मिनिटांत यादीतून बाकळी गेली. ते जाणं म्हणजेच नत्थूजींचं उत्तर. त्यांना उलट निरोप धाडता येत नव्हता, एका बोटानं आकडे भरण्यापलीकडे ते कधी गेले नाहीत. पण नाव गेलं की चंद्रभानला कळायचं, वाचलं म्हाताऱ्यानं.

हळूहळू निरोप लांबत गेला. आज ऊन लय आहे, टोपी घालून निघजा. उद्या नागपूरचे साहेब येणार, दाढी करून येजा. निरोप सगळ्यांनाच जायचा, हे चंद्रभान अधूनमधून विसरायचा. एकदा त्यानं लिहिलं, नत्थूजी, घरून तुरीच्या शेंगा उकडून आणल्या, येजा. नत्थूजी आले तेव्हा मोठे साहेब आधीच डब्यात हात घालून बसले होते.

आई गेली त्या आठवड्यात चंद्रभान कामावर आला आणि दुपारी निरोपात नुसतं लिहिलं, बंद करतो. त्या दिवशी बाकळी यादीतून गेली आणि थोड्या वेळानं चिखल तुडवत नत्थूजी स्वतः आले. लाईट गेलेल्या खोलीत समोरच्या स्टुलावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसले आणि गाडीची वेळ झाली तेव्हा उठले. चंद्रभानला पुढे आयुष्यात एवढा भरवसा कोणाचा वाटला नाही.

आता ती दुपार. दोन हजार दोनचा ऑगस्ट. चार दिवसांची झड लागून उघडली होती, आणि काळ्या मातीचा चिखल चपलेला शेर-शेर चिकटत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हवामानाच्या खोलीची लाईट केंद्राच्या लाईनवर नव्हती. ती शेतीपंपाच्या लाईनवर होती, आणि त्या लाईनचं वेळापत्रक वेगळं. कधी इकडे अंधार तिकडे उजेड, कधी उलटं. तिकडची लाईट अवचित गेली की बाकळी निरोप न घेता मरायची, आणि तिचं नाव वर्धेच्या यादीत तसंच राहायचं. मेलेल्या माणसाचं नाव मतदारयादीत राहतं, तसं. मग निरोप धाडताना वर्धा बाकळीपाशी येऊन अडायची. हाक मारायची, मिनिटभर उत्तराची वाट पाहायची आणि शेवटी लिहायची, वेळ संपली. चंद्रभानला ते मिनिट पाठ होतं. अडली की तो समजायचा, तिकडची लाईट गेली, नाव तेवढं उरलं. मग खुशाल बंद करायचा.

त्या दुपारी सव्वातीनला त्यानं निरोप धाडला. धाम गेली, बोर गेली, वणा, यशोदा गेली. बाकळी राहिली. साडेतीनला लाईट गेली, बॅटऱ्या चालू झाल्या. त्यानं दुसरा निरोप धाडला. बाकळी तशीच. त्यानं भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. शेतीपंपाची लाईन दोन ते सहा बंद. म्हणजे नेहमीचंच, नाव उरलेलं. तीन चाळीसची एसटी गाडी केंद्राच्या फाटकावर यायची होती, आणि पुढची थेट पावणेसहाला. त्यानं वर्धा बंद केली, छत्री घेतली आणि निघाला. गाडी मिळाली. आंजीला घरी कोणी वाट पाहत नव्हतं, चूल थंड होती, तरी गाडी मिळाल्याचं त्याला समाधान वाटलं.

भिंतीवरचं वेळापत्रक जुनं होतं. सोमवारपासून नवं लागलं होतं, आणि ते वीज कार्यालयातून आणून चिकटवायचं काम चंद्रभानचंच होतं. आणलं होतं त्यानं. टेबलाच्या खणात घडी करून ठेवलं होतं. नव्या पत्रकात शेतीपंपाला दुपारी दोनपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत लाईट होती.

सकाळी सातला निंदणाला आलेल्या रुख्माबाईनं हवामानाच्या खोलीचं दार ढकललं, तर नत्थूजी खुर्चीखाली पडलेले, डावं अंग लुळं, डोळे उघडे. लोकांनी केंद्राच्या जीपमध्ये घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. चंद्रभान दहाला आला तेव्हा फाटकावरच कळलं. त्याचे पाय सवयीनं आधी सर्व्हरच्या खोलीत गेले, त्यानं वर्धा चालू केली, आणि मग तो पळत शिवारातून निघाला. एक चप्पल चिखलात राहिली.

बाकळी चालू होती. पडद्यावर ओळी होत्या, एकाखाली एक. वर्धा उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. पहिली ओळ तीन वाजून अडतीस मिनिटांची. सगळ्यात खाली आत्ताच उमटलेली एक, वर्धा ठीक.

तिथे उभ्या उभ्या त्याला आठवलं. दुसरा निरोप अडला नव्हता. बाकळीपाशी वर्धा एक क्षण थांबली नव्हती, हाक गेली आणि पोच आली. म्हणजे मशीन जागं होतं, यादीतलं नाव खरं होतं, आणि ज्या अर्थी नाव गेलं नाही त्या अर्थी ते घालवणारा हात उठत नव्हता. सगळं वर्धेनं त्याला सांगितलं होतं. चारशे मीटरची वाट, चिखलातून फार तर दहा मिनिटं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की लवकर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं.

नत्थूजी वाचले, पण डावा हात-पाय गेला. मुलगी पुलगावला घेऊन गेली. केंद्रातले लोक दोन खेपा भेटून आले. चंद्रभान नाही गेला. पहिल्या खेपेला म्हणाला ताप आहे, दुसऱ्या खेपेला म्हणाला बॅटऱ्यांचं काम आहे. मग लोकांनी विचारणं सोडलं. कोणालाच काही माहीत नव्हतं, दोष त्याला कोणी दिला नव्हता. कोणी दिला असता तर बरं झालं असतं, निदान त्या माणसाशी भांडता आलं असतं.

हवामानाचं काम पुढे आपोआप चालणाऱ्या यंत्राकडे गेलं. बाकळी उचलून आणली, तिचे भाग यशोदेला लावले. पण यादीतली ओळ चंद्रभाननं काढली नाही. रोज दुपारी निरोप धाडताना वर्धा त्या नावापाशी अडायची, मिनिटभर हाक मारायची आणि लिहायची, वेळ संपली. चंद्रभान खुर्चीत ताठ बसून ते मिनिट पुरं होऊ द्यायचा. त्या मिनिटात गाडी चुकली तर चुकू द्यायचा. आठवड्यातून एक दिवस नेमानं उपास करणारा माणूस जसा स्वतःवर खूश असतो, तसा तो त्या मिनिटावर थोडा खूशही होता. हे त्याला कबूल नव्हतं, पण होतं.

दोन हजार सहाला आचल नावाची पोरगी कॉम्प्युटर विभागात लागली. हुशार, तोंडानं फटकळ. तिसऱ्याच दिवशी तिनं विचारलं की बाकळी नावाचं मशीनच नाही, तर सर्व्हर तिच्यासाठी थांबतो काऊन. फाइलीतली एक ओळ तर काढायची, मी काढते. चंद्रभाननं इतक्या जोरानं नाही म्हटलं की पोरगी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढे तिला रुख्माबाईकडून अर्धी गोष्ट कळली, आणि उरलेली तिनं मनानं जुळवली असावी, कारण पुन्हा तिनं ओळीचा विषय काढला नाही.

दोन हजार आठच्या डिसेंबरात नवा सर्व्हर आला, पुस्तकाएवढा. वर्धा कायमची बंद करायचा दिवस ठरला. धाम, बोर, वणा, यशोदा आधीच भंगारात गेल्या होत्या. आचल म्हणाली, सर, आता कोणाला कळवायचंय, वायर काढून टाका. चंद्रभाननं शिस्तीत निरोप लिहिला. बंद करून राह्यलो. यादीत एकच नाव होतं. वर्धा अडली. मिनिटभर खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मग ओळ आली, वेळ संपली, आणि पडदा काळा झाला.

चंद्रभान बसूनच राहिला. उद्यापासून हे मिनिटही नव्हतं. आचलनं वायरी गुंडाळल्या, आणि दाराशी जाऊन थांबली.

"सर, ते पुलगावले आहेत ना?" ती म्हणाली. "तासाभराचा रस्ता आहे."

रविवारी तो गेला. पुलगावला उतरून विचारत विचारत कमलाचं घर सापडलं. अंगणात उन्हात बाज, बाजेवर नत्थूजी, उशाशी पाटी आणि खडू. केस पांढरेशुभ्र झालेले. चंद्रभानला पाहून त्यांचं तोंड उजव्या बाजूनं हललं, आणि उजव्या हातानं त्यांनी बाजेवर थापटलं, बस म्हणून.

चंद्रभाननं घरून लिहून आणलं होतं, वहीची चार पानं. जुनं वेळापत्रक, खणातलं नवं, न अडलेला निरोप, तीन चाळीसची गाडी. सगळं. शेवटी लिहिलं होतं की तुमची ओळ मी सहा वर्षं काढली नाही, रोज बंद करताना तुमच्या नावाला हाक देत होतो. हे वाक्य लिहिताना तो रात्री रडला होता, आणि हे वाचून म्हातारा थोडा विरघळेल, अशी आशा त्याच्या मनात कुठेतरी होती.

नत्थूजींनी चारही पानं वाचली. वाचायला बराच वेळ लागला, कारण पान उलटायला एकच हात होता. कमला चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. मग ते बोलले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"हे मले तवाच समजलं होतं, चंदू. खाली पडल्या पडल्या पडदा दिसे मले. तुहा निरोप वाचला. हात उचलेना." त्यांनी ओठ पुसले. "मंग ते येक येक ओळ येत राह्यली, प्रयत्न चालू हाय, प्रयत्न चालू हाय. रातभर तेच वाचत राह्यलो. म्हटलं, हे मशीन सोडून नाई राह्यलं, तं आपनबी सोडाचं नाई. त्याचा राग नाई मले. बंद तं तू रोजच करत जाय."

चंद्रभाननं पाटी ओढली आणि खडू उचलला.

नत्थूजींनी वहीच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"हे मशीन नव्हतंच ना तिथं. कोनाले हाक मारे तू?" ते म्हणाले. "मी अठी होतो. दर रयवारी कमलीले इचारो, फाटकावर कोनी आलं काय. चार वर्स इचारलं. मंग नाई इचारलं."

कोंबड्या अंगणभर दाणे टिपत होत्या. सहा वर्षं रोज मिनिटभर त्यानं स्वतःला शिक्षा दिली होती, आणि ती शिक्षा भोगताना इथल्या माणसाची त्याला एकदाही आठवण आली नव्हती, हे त्याला आत्ता दिसलं. बाकळी आठवायची. ओळ आठवायची. आपली चूक तर उठताबसता आठवायची. आपल्या आईच्या मरणानंतर स्टुलावर येऊन बसलेला माणूस मात्र पुलगावला बाजेवर होता, आणि त्याचं तिथे कसं चाललंय, हे त्यानं कोणाला कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

पाटीवर त्यानं शेवटी लिहिलं, चुकलो. नत्थूजींनी वाचलं, मान हलवली, आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसून ठेवली. माफ केलं की नाही, ते त्या मान हलवण्यातून कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची चंद्रभानला छाती झाली नाही.

ऊन भिंतीवर चढलं. नत्थूजींनी आतल्या घड्याळाकडे पाहिलं आणि जुन्या सवयीनं म्हणाले, "तुही गाडी हाय आता. निंघ, नाई तं पुढची उशिरानं हाय."

चंद्रभाननं नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं भिंतीशी ठेवलेलं स्टूल उचलून बाजेजवळ आणलं आणि त्यावर बसला. रस्त्यावरून गाडी गेल्याचा आवाज त्याला आला. नत्थूजींना आला नाही. ते त्याच्याकडे बघत राहिले, थोड्या वेळानं त्यांचे डोळे मिटले, आणि ते जागे होईपर्यंत तो तिथेच बसून होता.